विद्यापीठातील नोकरी: पद कोणाच्या पैशावर आहे ते आधी पाहा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ किंवा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ यांसारख्या मोठ्या विद्यापीठात काम मिळवू इच्छिणारा उमेदवार सहसा संकेतस्थळावरचे भरतीचे पान उघडतो, तेथे एखादी जुनी जाहिरात आणि तिचे शुद्धिपत्रक पाहतो आणि सध्या जागा नाहीत असे समजून पान बंद करतो. त्याच सुमारास त्याच आवारातल्या एखाद्या विज्ञान विभागात प्रकल्प सहाय्यकाची थेट मुलाखत ठरलेली असू शकते, परीक्षा विभागाला हंगामी मनुष्यबळ पुरवण्यासाठी एखादी एजन्सी नावे गोळा करत असू शकते आणि एखाद्या अध्यासनाला (थोर व्यक्तीच्या किंवा विषयाच्या नावाने चालणाऱ्या अभ्यासकेंद्राला) सहा महिन्यांसाठी संशोधन सहाय्यक हवा असू शकतो. यांपैकी प्रत्येक गोष्टीचा पत्ता त्या एका पानावर लागेलच असे नाही.

बाहेरून विद्यापीठ ही एकच संस्था दिसते, पण तेथे नोकरी देणारे हात निदान चार असतात. पहिला हात आस्थापना विभागाचा. तो शासनाने मंजूर केलेली कायम पदे भरतो. दुसरा हातही विद्यापीठाचाच, पण पैसा शासनाचा नसून शुल्कातून आणि इतर उत्पन्नातून जमलेल्या विद्यापीठ निधीचा असतो. तिसरा हात प्रकल्पप्रमुख प्राध्यापकाचा. त्याच्या नावावर दिल्लीहून किंवा एखाद्या कंपनीकडून ठराविक मुदतीसाठी रक्कम आलेली असते. चौथा हात मनुष्यबळ पुरवणाऱ्या बाह्यस्रोत एजन्सीचा. पद कोणाच्या पैशावर उभे आहे यावरून त्याची जाहिरात कोठे निघेल, निवड कोण करील, पगार वेळेवर होईल का आणि नोकरी किती टिकेल, या चारही प्रश्नांची उत्तरे बहुतांशी ठरतात. म्हणून पदाच्या नावाआधी पैशाचा उगम शोधावा, हा या लेखातील सगळ्या सूचनांचा पाया आहे.

एक गोष्ट प्रारंभीच वेगळी काढलेली बरी. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयातील लिपिक किंवा प्रयोगशाळा सहाय्यक हा विद्यापीठाचा कर्मचारी नसतो. त्याची नेमणूक ते महाविद्यालय चालवणारी संस्था करते. विद्यापीठाचे स्वतःचे कर्मचारी म्हणजे त्याच्या आवारातील विभाग, केंद्रे, उपकेंद्रे आणि प्रशासकीय कार्यालये यांत काम करणारे लोक. पुढील विवेचन फक्त त्यांच्याविषयी आहे.

मंजूर प्रशासकीय पदे

राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार चालतो. हा अधिनियम १ मार्च २०१७ पासून अमलात आला. शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठाला अनुदानित पदे निर्माण करता येत नाहीत, आणि रिक्त झालेली पदे भरण्यासाठीही शासनाच्या परवानगीची वाट पाहावी लागते. त्यामुळे शिक्षकेतर कायम पदांच्या मोठ्या जाहिराती दरवर्षी निघत नाहीत. मध्ये बरीच वर्षे कोरडी जातात आणि मग एकदम बरीच पदे निघतात. ज्याला केवळ याच वाटेने आत यायचे आहे, त्याने तयारी लांब पल्ल्याची ठेवावी आणि दरम्यान दुसरे काम सोडू नये.

पदांची उतरंड समजून घेतली, तर कोणत्या पायरीवर बाहेरून प्रवेश मिळतो ते कळते. नावांत विद्यापीठागणिक थोडा फरक असला, तरी साधारणपणे कनिष्ठ सहाय्यक किंवा लिपिक, वरिष्ठ सहाय्यक, सहाय्यक कक्ष अधिकारी, कक्ष अधिकारी किंवा अधीक्षक, सहाय्यक कुलसचिव, उपकुलसचिव आणि कुलसचिव अशी चढण असते. मधल्या पायऱ्यांवरच्या बऱ्याच जागा पदोन्नतीने भरल्या जातात. बाहेरच्या उमेदवाराला खरी दारे उघडतात ती तळाशी आणि सहाय्यक कुलसचिव पदापासून वर. सहाय्यक कुलसचिव पदासाठी किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी, तर उपकुलसचिव पदासाठी त्याच पदवीसोबत सहाय्यक कुलसचिव किंवा समकक्ष पदावरील ५ वर्षांचा प्रशासकीय अनुभव किंवा त्याहून दीर्घ अध्यापन अनुभव, अशी अट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषांत आहे. 'समकक्ष' या शब्दावर कित्येक अर्ज छाननीत गळतात, कारण खासगी कंपनीतील व्यवस्थापकपद कितीही मोठे असले तरी त्याची वेतनश्रेणी शासकीय पदाशी जुळते हे कागदावर दाखवता येत नाही. असा अनुभव असणाऱ्याने अर्ज जरूर करावा. मात्र नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठ्या आणि कामाचे स्वरूप सांगणारे पत्र जोडल्याशिवाय छाननी समिती आपल्या बाजूने विचार करील, अशी अपेक्षा धरू नये.

तळाच्या पदांसाठी टंकलेखनाचे शासकीय प्रमाणपत्र आणि संगणक ज्ञानाचे प्रमाणपत्र या दोन गोष्टी आधीच हाताशी असाव्यात. राज्यातील लिपिक-टंकलेखक पदाला मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी टंकलेखन मिनिटाला ४० शब्द या वेगाची अट असते, आणि विद्यापीठांच्या जाहिरातींतही बहुधा हेच वेग आढळतात. जाहिरात निघाल्यावर टंकलेखनाच्या वर्गाला नाव घालणाऱ्याला परीक्षा आणि निकाल यांचे वेळापत्रक गाठता येत नाही. मराठी टंकलेखन जमवलेले असेल तर ते कधीही वाया जात नाही, कारण विद्यापीठाची परिपत्रके, इतिवृत्ते आणि शासनाशी होणारा बहुतेक पत्रव्यवहार मराठीत चालतो.

वयोमर्यादेच्या बाबतीत राज्य शासनाचीच मर्यादा, म्हणजे खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ वर्षे, विद्यापीठांच्या जाहिरातींत सहसा दिसते. वय कोणत्या दिनांकास मोजायचे हे जाहिरातीत लिहिलेले असते. अर्ज करण्याचा शेवटचा दिवस तोच असेल असे गृहीत धरू नये.

आता जाहिरात येण्याआधीच तिचा सुगावा कसा लावायचा ते पाहू. अधिसभेची (सिनेटची) अर्थसंकल्पीय बैठक साधारणपणे मार्च महिन्यात होते, कारण विद्यापीठाचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. या बैठकीत रिक्त पदांविषयी प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरे कार्यवृत्तात छापली जातात. वार्षिक अहवालातही मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे यांचा तक्ता असतो. हे दोन्ही कागद वाचायला कंटाळवाणे असतात हे खरे, पण एखाद्या संवर्गात निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या असल्या आणि बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून आल्याचा उल्लेख असला, तर भरती जवळ आली आहे हे त्यांतूनच कळते. बिंदुनामावली म्हणजे कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गासाठी राखीव आहे हे दाखवणारी नोंदवही. तिची तपासणी झाल्याखेरीज कायम पदाची जाहिरात काढता येत नाही. संकेतस्थळावर ही माहिती नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून ती मागता येते. अर्जात 'भरती कधी होणार' असा प्रश्न विचारू नये, कारण त्यावर 'शासन मान्यतेनंतर' एवढेच उत्तर येते. संवर्गनिहाय मंजूर व रिक्त पदांची संख्या आणि बिंदुनामावली तपासणीचा दिनांक यांच्या प्रती मागाव्यात.

केंद्रीय विद्यापीठाचे नियम या सगळ्याहून वेगळे असतात. वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे असे विद्यापीठ आहे. तेथील भरती देशभरातील उमेदवारांसाठी खुली असते, आरक्षणाचे प्रवर्ग केंद्राच्या यादीप्रमाणे असतात आणि टंकलेखनाची अट इंग्रजी ३५ किंवा हिंदी ३० शब्द अशी केंद्रीय नियमांप्रमाणे असते. महाराष्ट्रातील इतर मागासवर्गीय उमेदवाराने अशा ठिकाणी अर्ज करताना केंद्र शासनाच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते हे ध्यानात ठेवावे. राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र जोडल्याने अर्ज खुल्या प्रवर्गात ढकलला जाऊ शकतो.

संशोधनाची पदे

संशोधनाच्या बहुतेक नोकऱ्या प्रकल्पाच्या पैशावर असतात आणि म्हणून त्यांचे सगळेच गणित निराळे असते. प्राध्यापक एखाद्या निधी संस्थेकडे प्रस्ताव पाठवतो, तो मंजूर झाला की मंजुरीपत्र येते आणि त्यात उपकरणे, रसायने, प्रवास व मनुष्यबळ यांसाठी किती रक्कम, किती वर्षांसाठी, हे लिहिलेले असते. प्रकल्पात किती माणसे, कोणत्या पदावर आणि किती मानधनावर घ्यायची हे त्या पत्रानेच ठरवून टाकलेले असते. प्रमुख संशोधकाची, म्हणजे प्रस्ताव पाठवणाऱ्या त्या प्राध्यापकाची, इच्छा असली तरी तो त्यात फारसा बदल करू शकत नाही. मुलाखतीत मानधनावरून घासाघीस करणे म्हणूनच व्यर्थ असते.

निधी देणाऱ्या मुख्य संस्थांची नावे माहीत असणे उपयोगाचे आहे, कारण त्यांच्या संकेतस्थळांवर मंजूर प्रकल्पांच्या याद्या येतात. विज्ञान व अभियांत्रिकीसाठी केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग आणि २०२३ च्या अधिनियमाने स्थापन झालेले अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन ही प्रमुख नावे. पूर्वी विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ जे काम करत असे, ते आता या फाउंडेशनकडे आले आहे. सामाजिक शास्त्रांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, तर वैद्यकीय संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. या याद्यांमध्ये आपल्या विद्यापीठाचे नाव शोधावे आणि प्रकल्पाचा विषय, प्रमुख संशोधक व मंजुरीचा दिनांक टिपून ठेवावा. प्रकल्पाचा पहिला हप्ता जमा झाल्यानंतरचे काही महिने भरतीचे असतात. दुसरी वेळ उन्हाळ्यानंतरची. जून ते ऑगस्ट या काळात अनेक प्रकल्प सहाय्यक परदेशी किंवा दुसऱ्या संस्थेत पीएच.डी.साठी निघून जातात आणि चालू प्रकल्पात मध्येच जागा रिकामी होते. उरलेल्या मुदतीसाठी माणूस हवा असल्याने अशा जागेची जाहिरात घाईने निघते आणि तिला अर्जही कमी येतात.

प्रकल्पाच्या जाहिरातीची मुदत बहुधा दहा-पंधरा दिवसांची असते. ती कधी विद्यापीठाच्या भरतीच्या पानावर, कधी फक्त विभागाच्या पानावर, तर कधी प्राध्यापकांनी एकमेकांना पाठवलेल्या संदेशांतून फिरते. आपल्या विषयाच्या विभागांची पाने आठवड्यातून एकदा तरी पाहावीत. आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत प्रकल्प पदांच्या जाहिराती औद्योगिक संशोधन व सल्लागार केंद्राच्या पानावर एकत्र येतात, त्यामुळे तेथे हे काम सोपे जाते. राज्य विद्यापीठांत मात्र ती सोय क्वचितच आढळते.

अशी जाहिरात समोर आली की ती ओळीओळीने कशी वाचावी हे एका नमुन्यावरून पाहू. समजा तिच्यात असे लिहिले आहे: 'पद: ज्युनिअर रिसर्च फेलो, संख्या १. मानधन: दरमहा ३७,००० रुपये अधिक नियमानुसार घरभाडे भत्ता. कालावधी: सुरुवातीस ६ महिने, समाधानकारक कामगिरी असल्यास प्रकल्प संपेपर्यंत वाढवता येईल. आवश्यक पात्रता: एम.एस्सी. रसायनशास्त्र, तसेच नेट किंवा गेट उत्तीर्ण. इष्ट पात्रता: एचपीएलसी उपकरण हाताळण्याचा अनुभव. पद निव्वळ तात्पुरते असून विद्यापीठाच्या सेवेवर कोणताही हक्क सांगता येणार नाही. मुलाखतीसाठी प्रवासखर्च दिला जाणार नाही.'

यातील ३७,००० हा आकडा प्राध्यापकाने ठरवलेला नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने जून २०२३ मध्ये काढलेल्या आदेशाने ज्युनिअर रिसर्च फेलोचे मानधन ३१,००० वरून ३७,००० रुपये आणि सीनिअर रिसर्च फेलोचे ३५,००० वरून ४२,००० रुपये झाले, तर रिसर्च असोसिएटच्या तीन श्रेणींना अनुक्रमे ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये ठरले; ही वाढ १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे. जाहिरातीत पदाचे नाव ज्युनिअर रिसर्च फेलो असूनही मानधन याहून बरेच कमी असेल, तर प्रकल्प जुन्या दराने मंजूर झालेला आहे की पैसा केंद्राचा नाही, हे विचारून घ्यावे. 'नेट किंवा गेट' या राष्ट्रीय पात्रता परीक्षांची अटही त्याच आदेशांतून आलेली असते. त्यामुळे नेट नसलेल्याने ज्युनिअर रिसर्च फेलोच्या जागेसाठी विनंत्या करत बसण्यापेक्षा प्रकल्प सहाय्यक किंवा प्रकल्प सहयोगी या पदांच्या जाहिराती पाहाव्यात, कारण त्यांत नेट नसलेल्यांसाठीही जागा असते. मानधन अर्थातच कमी मिळते. 'आवश्यक' पात्रतेत एक गोष्टही कमी असेल तर अर्ज बाद होतो. 'इष्ट' पात्रता नसली तरी अर्ज करता येतो, आणि जरूर करावा.

इष्ट पात्रतेची ओळ आणखी एका कारणासाठी नीट वाचावी. ती इतकी नेमकी असेल की त्या विभागातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एखाद्याच विद्यार्थ्याला लागू पडावी, तर प्राध्यापकाच्या मनात कोणी आधीच आहे असे समजायला हरकत नाही. हे घडते आणि त्याबद्दल आश्चर्य वाटून घेण्याचे कारण नाही. ज्याने तेच उपकरण दोन वर्षे हाताळले आहे त्याला घ्यावेसे वाटणे स्वाभाविकही आहे. तरीही मुलाखतीला जावे. मनातला उमेदवार अनेकदा रुजू होत नाही किंवा दोन महिन्यांत सोडून जातो आणि मग प्रतीक्षा यादीतील दुसऱ्या नावाला फोन येतो. शिवाय निवड समितीत शेजारच्या विभागाचे प्राध्यापक बसलेले असतात आणि त्यांच्याकडेही प्रकल्प असतात.

जाहिरात निघण्यापूर्वीच प्रमुख संशोधकाला ईमेल पाठवणे हा रास्त आणि रुळलेला मार्ग आहे, फक्त ते ईमेल शंभर जणांना एकदम पाठवलेले दिसू नये. 'आदरणीय महोदय, मला संशोधनाची अत्यंत आवड असून आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळावी' हे वाक्य प्राध्यापक दररोज वाचतात आणि पुढे वाचत नाहीत. त्याऐवजी पहिल्याच वाक्यात कामाचे बोलावे: 'भूजलातील नायट्रेटविषयीच्या आपल्या प्रकल्पाला यंदा मंजुरी मिळाल्याचे वाचले. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा करून त्यांचे पृथक्करण केले आहे. नमुने घेण्याची पद्धत व निष्कर्ष यांचे एक पान सोबत जोडले आहे. प्रकल्पात सहाय्यकाची जागा निघणार असल्यास अर्ज करण्याची इच्छा आहे.' असे ईमेल बहुतेक वेळा इंग्रजीतूनच लिहावे लागते, पण ते आठ-दहा ओळींपुरते ठेवावे. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा स्मरण द्यावे आणि तेवढ्यावर थांबावे. मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांतील उमेदवारांनी लेखनाचा नमुना, क्षेत्रकार्याचा अहवाल किंवा मोडी वाचनासारखे खास कौशल्य पुढे करावे. सामाजिक शास्त्रांच्या प्रकल्पांत संशोधन सहाय्यक आणि क्षेत्र अन्वेषक अशी पदे असतात, आणि तेथे चांगली प्रश्नावली भरून आणणाऱ्या माणसाला गुणपत्रिकेपेक्षा अधिक किंमत येते.

मुलाखतीत प्रश्न प्रकल्पापुरते असतात. आपल्या प्रबंधातील प्रत्येक आकृती स्वतः समजावून सांगता आली पाहिजे, ही तयारी पुरेशी होते. आपणही दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला, प्रकल्पाचे किती महिने उरले आहेत आणि पुढच्या हप्त्यासाठीचे उपयोगिता प्रमाणपत्र (मागील खर्चाचा दाखला) गेले आहे का. दुसरा, या पदावर राहून पीएच.डी.साठी नोंदणी करता येईल का. पहिल्या प्रश्नाने काही प्राध्यापकांच्या कपाळाला आठी पडेल, पण तो विचारायला हवाच. मागील खर्चाचा हिशेब निधी संस्थेला पोचला नाही की पुढचा हप्ता अडतो आणि प्रकल्पातील माणसांचे मानधन तीन-चार महिने थकते, ही गोष्ट विद्यापीठात सर्वांना ठाऊक असते. उमेदवाराला मात्र ती रुजू झाल्यावर कळते. पीएच.डी.विषयी तोंडी आश्वासनावर राहू नये. प्रवेशाचे नियम विद्यापीठाचे असतात आणि मार्गदर्शकाकडे जागा रिकामी असावी लागते. जून २०२४ च्या परीक्षेपासून नेटच्या निकालात केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र अशीही एक वर्गवारी आली आहे आणि त्या गुणांची मुदत एका वर्षाची असते, तेव्हा प्रकल्पातील पहिले वर्ष नोंदणीविना गेले तर ती पात्रता हातची जाऊ शकते.

विद्यापीठ निधी आणि एजन्सी

विद्यापीठ निधीतील पदे मंजूर कायम पदे आणि प्रकल्पाची पदे या दोहोंच्या मधली असतात. स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम, कौशल्य विकास केंद्र, नवोपक्रम केंद्र, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी केंद्र, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष अशा ठिकाणी समन्वयक, कार्यालय सहाय्यक, संगणक तंत्रज्ञ हे लोक एकत्रित मानधनावर, बहुधा अकरा महिन्यांच्या किंवा त्याहून कमी मुदतीच्या आदेशावर घेतले जातात आणि मध्ये खंड देऊन पुन्हा नेमले जातात. अशी कितीही वर्षे काढली तरी कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. कामाचा अनुभव मात्र खरा असतो. परीक्षा विभागात एक हिवाळी सत्र काढलेल्या माणसाला विद्यापीठ कसे चालते हे शिकवावे लागत नाही.

एजन्सीमार्फत जाणाऱ्याने एजन्सीचे नाव विद्यापीठाच्या निविदा विभागाच्या पानावर पडताळून पाहावे, कारण काम कोणत्या कंत्राटदाराला मिळाले हे तेथे दिसते. भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक मिळतो का आणि दरमहा कपात झालेली रक्कम खात्यात खरोखर भरली जाते का, हे पहिल्या दोन महिन्यांतच पाहावे. नोकरी लावून देण्यासाठी कोणी पैसे मागितले तर बोलणे तेथेच थांबवावे. अर्जाचे शुल्क विद्यापीठाच्या खात्यावर पावतीसह भरले जाते. त्यापलीकडे कोणतीही रक्कम कोणत्याही टप्प्यावर द्यायची नसते.

अर्ज, आवक आणि आदेश

कायम पदांच्या बाबतीत ऑनलाइन अर्ज भरल्यानंतर त्याची छापील प्रत कागदपत्रांसह ठराविक दिवसापर्यंत पोचवण्याची अट अनेकदा असते, आणि ती जाहिरातीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. प्रत टपालाने पाठवायची तर शेवटच्या दिवसाआधी ती विद्यापीठात पोचली पाहिजे. टपालातील विलंबाची जबाबदारी विद्यापीठ घेत नाही. हाती द्यायची तर कुलसचिव कार्यालयाच्या आवक विभागात द्यावी आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक व दिनांक घेऊनच बाहेर पडावे. मुंबई विद्यापीठासारख्या ठिकाणी मुख्य प्रशासकीय कार्यालय फोर्टला आणि बहुतेक शैक्षणिक विभाग कालिन्याच्या विद्यानगरीत आहेत, तेव्हा प्रत कोणत्या पत्त्यावर मागितली आहे ते निघण्यापूर्वी पाहावे. सध्या शासकीय किंवा अनुदानित सेवेत असणाऱ्यांनी अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत, पाठवावा, आणि ना-हरकत प्रमाणपत्राला वेळ लागणार असेल तर आगाऊ प्रत थेट पाठवून तसे पत्रात नमूद करावे.

जात वैधता प्रमाणपत्र, त्या आर्थिक वर्षाला चालणारे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र आणि नावात बदल असल्यास राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र या कागदांवर सर्वाधिक अर्ज अडतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर आईचे नाव, पदवीवर माहेरचे आडनाव आणि आधारपत्रावर सासरचे, अशी स्थिती असलेल्या महिला उमेदवारांना याचा त्रास विशेष होतो. म्हणून जोड देणारा कागद अर्जातच घालावा. पात्र-अपात्र यादी लागली की आपले नाव त्याच दिवशी पाहावे, कारण हरकत घेण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. हरकत लेखी, जाहिरातीतील कलमाचा उल्लेख करून आणि आवक क्रमांकासह द्यावी.

निवड झाल्यावर हाती पडणारा आदेश घरी नेऊन सावकाश वाचावा. त्यात पदनाम, वेतनश्रेणी किंवा एकत्रित मानधन, कालावधी, खर्चाचे लेखाशीर्ष (खर्च कोणत्या खात्यातून होतो ते दाखवणारे शीर्षक) आणि सेवा संपवण्याची सूचना किती दिवसांची हे असते. लेखाशीर्षावरून पद कोणत्या पैशावर आहे याची खात्री पटते. जाहिरातीत मोघम लिहिलेले असले तरी आदेशात ते लपत नाही. प्रकल्पाच्या किंवा विद्यापीठ निधीच्या पदावर रुजू होणाऱ्याने आदेशाच्या प्रत्येक मुदतवाढीची प्रत जपून ठेवावी आणि काम सोडताना अनुभव प्रमाणपत्र मागून घ्यावे. त्यात पदनाम, रुजू झाल्याचा व कार्यमुक्त झाल्याचा दिनांक, काम पूर्णवेळ होते हा उल्लेख आणि मिळालेले मानधन असावे, आणि केवळ प्रमुख संशोधकाच्या सहीवर न थांबता विभागप्रमुख किंवा कुलसचिव कार्यालयाची सही व जावक क्रमांक त्यावर घ्यावा. प्राध्यापक निवृत्त झाल्यावर किंवा प्रकल्पाची फाईल बंद झाल्यावर हेच प्रमाणपत्र मिळवायला महिनोन्महिने खेपा घालाव्या लागतात, आणि पुढच्या छाननीत त्याच्यावाचून तो सगळा काळ धरला जात नाही.